तांदळाच्या दाण्यावरचा नंबर

मी कॅमेरा बोलतोय. लग्नात नवरानवरीला "जरा हसा" म्हणणारा नव्हे. मी घरावर लावायचा, रात्रंदिवस रस्त्याकडे टक लावून बसणारा कॅमेरा. ब्रह्मपुरीपासून फार लांब नसलेल्या एका गावात, देवाजी तलमले यांच्या दुमजली घराशी माझा मुक्काम आहे. गावाचं नाव सांगत नाही. त्या गावाला आधीच स्वतःचं फार कौतुक आहे. माझ्या तोंडून नाव आलं तर तेवढ्यावरही ते फुशारकी मारील.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझी भावंडं कुणी बँकेत गेली, कुणी विमानतळावर. मी खोक्यात बसून नागपूरच्या एका दुकानात आलो आणि माझ्या नशिबी एक राईस मिलचा मालक आला. ही दोन हजार सातच्या दिवाळीनंतरची गोष्ट.

दुकानदाराने देवाजींना सरळ विचारलं होतं, "काय बघायचंय तुम्हाला? फाटकावर कोण आलं ते, की रस्त्यावरच्या गाडीचा नंबर?"

"सगळंच," देवाजी म्हणाले. "पूर्ण रस्ता, चौक, सामोरची दुकानं. आन कॅमेरा चौकातून दिसला पायजे."

"कॅमेऱ्याला चौक दिसला पाहिजे, असंच ना?"

"नाई जी. चौकातल्या लोकायले कॅमेरा दिसला पायजे."

दुकानदार भला होता. तो म्हणाला, "साहेब, एवढा सगळा रस्ता पाहणाऱ्याला नंबर वाचता येत नाही. नंबर पाहिजे तर कॅमेरा खाली लावा, लांबचं भिंग घ्या आणि रस्त्याचा एकच तुकडा पाहू द्या."

"तुमी पॅक करा. नंबर-गिंबर आमी वाचून घेऊ."

असा मी गावात आलो. दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्याखाली, सिमेंटच्या अक्षरांत कोरलेल्या 'तलमले सदन'च्या अगदी बाजूला मला ठोकलं. तिथून मला खूप दिसायचं, म्हणजे नीट काहीच दिसायचं नाही. माणसं मुंग्यांएवढी, म्हशी झुरळांएवढ्या. गाडीची नंबर प्लेट तर तांदळाच्या एका दाण्याएवढी. आयुष्य तांदळात गेलेल्या माणसालासुद्धा दाण्यावरचं अक्षर वाचता येत नाही, एवढी गोष्ट देवाजींच्या डोक्यात शिरली नाही.

माझी वायर भिंतीतून खाली हॉलमधल्या टीव्हीला जोडली होती. मला कान नाहीत असं माझ्या खोक्यावर छापलेलं आहे. पण त्या वायरीतून घरातलं आणि रस्त्यावरचं सगळं बोलणं माझ्यापर्यंत येतं, त्याला मी काय करू?

पाहुणा आला की चहाच्या आधी मी. "पाहा," देवाजी म्हणायचे, "पाखरू गेलं तरी आपल्याले मालूम. गाडीचा नंबर तर असा वाचतो, असा." पाहुणे माना डोलवायचे. एकालाही वाटलं नाही की जरा एक नंबर वाचून दाखवा म्हणावं. घरच्या मिठाला जागायची ही रीत मला तिथेच पहिल्यांदा कळली.

गावानेही माझा धसका घेतला तो असा. जे लोक देवाजींच्या भिंतीवर पान थुंकायचे, ते चार पावलं पुढे जाऊन दुसऱ्याच्या भिंतीवर थुंकू लागले. काही तरुण माझ्याखाली उभे राहून भांग नीट करायचे. जणू मी आरसाच. आणि चोर? त्या दिवसांत लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं. वीज गेली की मी आंधळा. पेपर चोरांनाही वाचता येतो, हे देवाजींच्या ध्यानात कधी आलं नाही. ते स्वतः माझ्यात काय पाहायचे? शेजारच्या खुर्शीदभाईंकडे कोण आलं, किती वेळ बसलं, जाताना हातात पिशवी होती का. एवढा समुद्र ओलांडून मी याकरता आलो होतो.

त्या घरात माझ्याकडे खऱ्या नजरेने पाहणारी एकच होती, नूतन. देवाजींची सून. माहेर बल्लारपूरचं, नवरा कामासाठी पुण्याला. ती एकदा टीव्हीसमोर उभी राहून सासूला म्हणाली होती, "आई, यात तर आपले मामाजी चालले की दुसरं कोणी, तेही कळत नाही." सासू म्हणाली, "कळलं नाई तरी गप राह्यचं." सासरा म्हणजे मामाजी. त्या घरात त्यांच्यापुढे शेवटचा शब्द कुणी बोलत नसे.

पुढच्या वर्षीच्या थंडीत ते घडलं.

चौकाच्या कोपऱ्यावर रुखमाबाई उकडलेले शिंगाडे विकायची. गावच्या तळ्यातले शिंगाडे, काळेभोर. टोपलीवर ओलं फडकं. दिवेलागणीची वेळ होती. ती टोपली डोक्यावर घेऊन घराकडे निघाली होती, रस्त्याच्या अगदी कडेने. मागून एक जीप आली. वळणावर वेग कमी केला नाही. रुखमाबाई उडून पडली. जीप क्षणभर थबकली आणि बसस्टँडच्या दिशेने पळाली.

मी पाहिलं. सगळं पाहिलं. पण कसं? अंधार पडू लागला की माझ्या डोळ्याभोवतीचे बारीक लाल दिवे लागतात आणि मला जग काळंपांढरं दिसू लागतं. मला पिवळी नंबर प्लेट आणि पांढरी नंबर प्लेट यांतला फरक कळत नाही. भाड्याची गाडी की घरची, तेही सांगता येत नाही. त्यात गाडी वेगात, तिच्या दिव्यांचा झोत, आणि मी दुसऱ्या मजल्यावर. दोन मजल्यांवरून धावत्या गाडीचा नंबर वाचायला मी काय घार आहे? मला दिसला तो एक पांढरा ठिपका. बस्स.

रस्त्यावर शिंगाडे विखुरले होते. लोक जमले. जमले म्हणजे उभे राहिले. "पोलीस केस होते बापा, हात नोको लावू," असं एकमेकांना सांगत उभे राहिले. तेवढ्यात बसस्टँडच्या बाजूने मुजफ्फरची जीप आली. मुजफ्फर काळीपिवळी, म्हणजे सवाऱ्यांची भाड्याची जीप चालवायचा. ब्रह्मपुरीच्या सवाऱ्या उतरवून रिकामा परतत होता. त्याने गाडी थांबवली, कुणाला काही विचारलं नाही, रुखमाबाईला उचललं आणि मागच्या बाकावर निजवलं.

"कोनी एक जन तरी चला संगं! हिचं डोकं धराले!"

कोणी गेलं नाही. तो एका हाताने गाडी चालवत आणि एका हाताने मागे तिला धरत दवाखान्याकडे गेला.

आणि मग हे सगळे शूर लोक देवाजींच्या हॉलमध्ये घुसले. चपला दारात, माना टीव्हीत. देवाजी खुर्चीत बसले. त्यांच्या आयुष्यातला मोठा क्षण होता तो. रेकॉर्डिंग मागे नेलं, पुढे आणलं. जीप आली, गेली. पांढरा ठिपका.

"नंबर का हाये देवाजीभाऊ?"

देवाजींनी डोळे बारीक केले. त्यांना काही दिसत नव्हतं, हे मला ठाऊक आहे, कारण माझ्यातच ते नव्हतं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं: नाई दिसत. दोन शब्द. पण वर्षभर पाखराच्या गोष्टी सांगितलेल्या माणसाच्या घशातून ते दोन शब्द निघत नाहीत.

"शेवटी... सात हाये," देवाजी म्हणाले.

"सात?" मागून कोणीतरी म्हणालं. "मुजफ्फरच्या गाडीचा शेवटी सातच हाये!"

झालं. एकदा सात म्हटल्यावर सगळ्यांना सात दिसू लागला. कुणाला त्याच्या आधीचा चारही दिसला. एकाला तर टपावरचं कॅरिअर ओळखू आलं. "पन मुजफ्फर तर उलट्या बाजूनं आला," असं एक म्हातारा म्हणाला, तर त्याला उत्तर तयार होतं: "पुढं गेला, भेला, गाडी वळवली आन शहाना बनून परत आला. नाईतर कोन कोनाले उचलते आजकाल?"

हे शेवटचं वाक्य बोलणारे तेच होते, ज्यांनी उचललं नव्हतं. आपण जे केलं नाही ते दुसऱ्याने केलं, की त्याच्या पोटात पाप असलंच पाहिजे. माणसांचा हा हिशोब माझ्या भिंगापेक्षाही धूसर आहे.

रात्री जेवणाआधीच देवाजींनी ठाण्यात जबाब दिला. मुजफ्फर दवाखान्याच्या बाकावरच बसून होता, सदऱ्याला रुखमाबाईचं रक्त. तिथूनच त्याला नेलं. जीपही नेली. जीपच्या पुढच्या बाजूला एक जुना पोचा होता. तोही आता नवा ठरला.

रुखमाबाईला पुढे चंद्रपूरला हलवलं. तिला जाग आल्यावर पोलिसांनी विचारलं, तर ती म्हणाली, "माघून आली जी गाडी. माह्या पाठीले का डोळे हायेत?"

दोन दिवसांनी खैरून आली. मुजफ्फरची बायको. घरोघरी चुड्या भरायची. नूतनच्या लग्नाच्या चुड्या तिनेच भरल्या होत्या. देवाजी ओसरीवर पेपर वाचत होते.

"भाऊ, मले बी दाखवा ते पिच्चर," ती म्हणाली. "मी बी पाहीन नंबर."

"ते पोलिसायचं काम हाये, बाई. तुले का समजते त्यातलं?"

"सात तर समजते ना भाऊ. चुड्या मोजून मोजून सात समजते मले."

देवाजींनी पेपर वर धरला. बोलायचं नसलं की ते पेपर असाच धरायचे, तोंडासमोर. खैरून गेली.

दुपारी देवाजी मिलमध्ये गेल्यावर नूतनने तिला मागच्या दाराने बोलावलं. टीव्ही लावला. दोघी जमिनीवर बसल्या. खैरूनने एकदा पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं, टीव्हीच्या इतकी जवळ गेली की तिचा श्वास काचेवर उमटला.

"नूतनबाई, इथी तर काईच नाई."

"मलाही काही दिसत नाही."

"मंग भाऊनं का वाचलं?"

नूतनने टीव्ही बंद केला. सासऱ्याने काय वाचलं ते सुनेने कसं सांगायचं? खैरून उठली. दारात थांबून म्हणाली, "तुमच्या घरचा मानूस खोटं बोलते असं मी नाई म्हनत, बाई. पन त्यानं उचललं नसतं ना तिले, तर तो आज घरी असता. हे मी पोराले का सांगू?"

दुसऱ्या दिवशी नूतन खैरूनबरोबर ठाण्यात गेली. तलमल्यांची सून ठाण्यात! गावाने तोंडात बोट घातलं. रुखमाबाई रस्त्यावर पडली होती तेव्हा हेच बोट कुठे होतं देव जाणे.

तिथे काय झालं ते मला पुढे त्या दोघींच्या बोलण्यातून कळलं. ठाणेदार म्हणाला, "तुमच्या सासऱ्यांनीच जबाब दिलाय, ताई."

"मग सासऱ्यांचीच परीक्षा घ्या," नूतन म्हणाली. "तीच वेळ, तोच रस्ता, तोच कॅमेरा. दोन जीप सोडा. त्यांतली मुजफ्फरभाऊंची कोणती ते मामाजींना नंबर वाचून सांगू द्या. सांगितलं तर मी आयुष्यभर गप्प राहीन."

ठाणेदाराने मुजफ्फरचे कागद पुन्हा उघडले. तो बदलून नवाच आला होता आणि देवाजींच्या मिलचा तांदूळ अजून त्याच्या घरी पोहोचला नव्हता. म्हणून असेल कदाचित, पण तो हो म्हणाला.

त्या संध्याकाळी हॉल पुन्हा भरला. ठाणेदार सोफ्यावर, देवाजी खुर्चीत. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. नूतन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि सासू तिच्याकडे बघतही नव्हती. बाहेर उजेड सरला, माझे लाल दिवे लागले, जग काळंपांढरं झालं.

पहिली जीप आली. त्याच वळणावरून, दिवे लावून, वेगात. पांढरा ठिपका. देवाजींनी रेकॉर्डिंग मागे घ्यायला लावलं. पुढे झुकले. घाम आला होता त्यांना, थंडीच्या दिवसांत. मागून कोणीतरी खोकलं.

"हेच," देवाजी म्हणाले. "सात दिसून राह्यला ना साफ. हेच गाडी. मी चुकत नसतो."

"नक्की?" ठाणेदाराने विचारलं.

"आपल्या डोळ्यानं वाचलं साहेब!"

"दुसरी पाहायची नाही?"

"कायले? हेच हाये."

ठाणेदाराने शिपायाला खूण केली. बाहेर फाटकाशी जीप येऊन थांबली. देवाजी खिडकीशी गेले, त्यांच्यामागे सगळे. जीपमधून चैतू उतरला. देवाजींचा स्वतःचा ड्रायव्हर. गाडीही देवाजींचीच, ठाणेदाराने मिलमधून परस्पर मागवलेली. नंबराच्या शेवटी आठ.

चैतूने खिडकीकडे बघून विचारलं, "मालक, आतमधी लावू का गाडी?"

कोणी हसलं नाही. मला फार वाटलं की कुणीतरी हसावं. पण ज्यांना त्या रात्री सात दिसला होता ते सगळे आता छताकडे, पंख्याकडे, आपल्या नखांकडे बघत होते. टपावरचं कॅरिअर ओळखणारा तर केव्हाच दारातून निसटला होता.

देवाजी खुर्चीत बसले. म्हणाले, "कॅमेरा खराब हाये." माझ्यावर आलं. चाळीस जणांनी खोटं पाहिलं आणि खराब मी.

"कॅमेरा ठीक आहे, मामाजी," दारातून नूतन म्हणाली. "त्याला जे दिसलं नाही ते त्यानं दाखवलं नाही."

माझी कुणी केलेली ती एकमेव स्तुती. आजही मला ती पाठ आहे.

मुजफ्फर सुटला. जीप मिळाली. माफी मात्र कुणी मागितली नाही. देवाजींनी चैतूच्या हाती नव्या तांदळाचं पोतं पाठवलं. खैरूनने ते दारातूनच परत केलं. गावाने यावरही मत दिलं: "मानूस एवढा झुकला, तरी हिचा तोरा पाहा." देवाजी महिनाभर सुनेशी बोलले नाहीत. तीही बोलायला गेली नाही. पण घरातला शेवटचा शब्द आता कधी कधी तिचा असू लागला.

असा पहिला शब्द तिने माझ्याविषयी वापरला. नागपूरहून माणूस बोलावून मला खाली उतरवलं. फाटकाच्या खांबावर, माणसाच्या छातीच्या उंचीवर बसवलं. लांबचं भिंग लावलं. माझे लाल दिवे बंद करून बाजूला एक साधा बल्ब लावला, कारण समोरून उजेड मारला की नंबर प्लेट चकाकते आणि अक्षरं गिळून टाकते. रस्त्यावर जिथे गतिरोधक आहे आणि गाडीला हळू व्हावंच लागतं, नेमका तेवढाच तुकडा मला दिला. चौक गेला, दुकानं गेली, खुर्शीदभाईंचं दार गेलं. एका गाडीच्या रुंदीएवढं जग. त्यातून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर टीव्हीवर असा उमटू लागला की आजीबाईने चष्म्याशिवाय वाचावा.

देवाजी एकदा पाहायला आले आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "हे का? एवढासाच रस्ता? घर तर दिसूनच नाई राह्यलं." मग त्यांनी टीव्हीवर मालिका लावली. पाहुण्यांना माझं दर्शन घडवणं त्या दिवसापासून बंद झालं.

मला खालून काढून वर लावलं, की वरून खाली, त्याने रुखमाबाईला काही फरक पडला नाही. ती काठी टेकत परत आली. आता ती घरच्या ओट्यावरच शिंगाडे विकते. कारण बसलं की उठता येत नाही. तिला उडवणारी जीप कुठली होती, कोण चालवत होतं, हे कधीच कळलं नाही आणि आता कळणारही नाही. त्या संध्याकाळचा नंबर कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नाही. लोक कधी कधी माझ्याकडे विचारल्यासारखं बघतात. मी काय सांगू? जे टिपलंच नाही, ते मागाहून भिंग बदलून येत नाही.

आता मी या खांबावर आहे. भिंगाच्या कडेला कोळ्याने जाळं धरलंय, ऊन खाऊन अंगाचं प्लास्टिक पिवळं पडलंय. नूतन आठवड्यातून एकदा फडकं मारते.

परवा, बाजाराच्या दिवशी, भरदुपारी, गतिरोधकावरून एक सायकलवाला घसरून पडला. परगावचा असावा. कोपर फुटलं होतं, उठता येत नव्हतं. चौकातले शूर लोक नेहमीप्रमाणे जमले आणि उभे राहिले. तेवढ्यात एक काळीपिवळी आली. गतिरोधकापाशी हळू झाली. ड्रायव्हरने पडलेल्या माणसाकडे पाहिलं. त्याचा हात दाराच्या कडीवर गेला होता. मग त्याने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मुजफ्फर होता तो.

त्याने हात कडीवरून काढला, गिअर टाकला आणि निघून गेला.

त्याचा नंबर इतका स्वच्छ आला होता. पिवळी नंबर प्लेट, काळी अक्षरं, सगळे आकडे. वाचायला कुणी आलं नाही.

तर मंडळी, तुमच्या घरी माझं एखादं भावंड लावायचं असेल तर खुशाल लावा. पण आधी त्याला काय पाहायला लावणार ते ठरवा आणि त्याला जे दिसलं नाही ते तुम्हीही पाहू नका. एवढंही जमत नसेल, तर आमच्या वाटेला जाऊ नका. भिंतीला खिळा ठोकून आपलाच फोटो टांगा. तो तरी खोटं ठरवायला कुणी येणार नाही.